चाकामागचा दगड

बाबांच्या जुन्या गाडीचा मागचा अक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, ब्रेकसकट बदलायचा असं मी ठरवलं, तेव्हा बाबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. गाडी माझ्या जन्माच्याही आधीची, गोल बोनेटची. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथजवळच्या आमच्या मळ्यातली वांगी-टमाटे घेऊन आई आणि बाबा दर बाजारी तिच्यातूनच गुडीहत्नूरला जायचे. आता तिथला रस्ता चौपदरी झाला. पुढचा ट्रक गपकन थांबतो आणि आमची गाडी सावकाश विचार करून थांबते. म्हणून मी भंगारातून एका नव्या गाडीचा डिस्क ब्रेकवाला अक्सल शोधून आणला.

"मांगचं काईच खोलू नको," तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले. "चालून राह्यली नं गाडी?"

मला वाटलं, जुन्या वस्तूवरची माया. कसली माया अन् कसलं काय!

आदिलाबादच्या उस्तादांनी गाडी जॅकवर चढवली, मागचं चाक काढलं, ब्रेकच्या ड्रमवर चार हातोडे मारले. ड्रम निघाला तसे ते आत बघतच राहिले आणि मग त्यांनी मला जवळ बोलावलं. आत चाक धरून ठेवणारे ब्रेकचे लायनर नव्हते. झिजलेले नव्हेत, नव्हतेच! दुसऱ्या चाकातही तोच प्रकार. ब्रेक ऑइलची नळी मध्येच चेपून, दुमडून बंद केलेली होती आणि त्या दुमडीवर गंजाचे थर चढले होते.

"ताई, इसमें पीछे का ब्रेक बरसों से हैच नहीं," उस्ताद म्हणाले. "हँडब्रेक भी बस दिखाने का है."

याच गाडीतून आम्ही भावंडं शाळेत गेलो, निर्मलचा घाट उतरलो. याच गाडीवर मी चालवायला शिकले. उतारावर ब्रेकला पाय लावला की बाबा खेकसायचे, "गिअरवर उतरव!" माझ्या वडिलांनी मला खरं ड्रायव्हिंग शिकवलं, असं मी आजवर लोकांना ऐटीत सांगत आले.

आणि आई! गाडी चढावर थांबली की सगळ्यांच्या आधी आई उतरायची. गाडीत तिच्या पायाशी एक काळा दगड कायम असायचा. पदर खोचून ती मागे जायची, वाकून चाकाला दगड लावायची, आणि "झालं" म्हणाली की बाबा ब्रेकवरचा पाय काढायचे. जुन्या गाड्यांचा हँडब्रेक ढिलाच असतो, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. आम्ही पोरं तिला हसायचो. उस्तादांच्या दुकानात मला ते पहिल्यांदा नीट दिसलं: खाली वाकलेली आई, तिच्यावर गाडीचं धूड, आणि मध्ये फक्त बाबांचा एक पाय.

घरी येऊन मी बाबांना आईसमोरच विचारलं. चिडले की मला आडपडदा ठेवता येत नाही.

"तू चवथीत होती," बाबा खाली बघत म्हणाले. "भैंशाहून येताना ऑइल गळलं. मिस्त्री म्हणे, ओले लायनर काढून घरी पोचेपर्यंत बंद करून देतो. मंग सामान भेटलं नाई. मंग गाडी चालतच होती."

"मले काऊन नाई सांगतलं?" आईने विचारलं.

"तू बसली नसती."

आई हातातल्या शेंगा निवडत राहिली. सगळ्या निवडून झाल्यावर म्हणाली, "आता नाई बसत."

आणि ती खरंच बसेना. नवा अक्सल चार बोटं जास्त रुंद निघाला. उस्तादांनी तो कापला, जोडला, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवला, हँडब्रेकची नवी वायर ओढली. गाडी घरी आली तरी आई तीन बाजार ऑटोने गेली. मागून बाबा भाजी घेऊन एकटेच गाडी हाकायचे. दोघं बाजारात शेजारी बसून विकायचे आणि येताना पुन्हा वेगवेगळे यायचे. बाबांची चूक डोंगराएवढी होती, तरी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

चौथ्या बाजारी मी स्वतः गाडी काढली आणि मळ्यातून सडकेवर जाणाऱ्या चढावर उभी केली. आई आली, माझ्या शेजारी बसली.

"थांबते म्हणते तू हे?"

"थांबते."

"मंग तुमी मांगं जा," ती बाबांना म्हणाली. ते दगड घ्यायला वाकले. "दगड राहू द्या."

बाबा रिकाम्या हातांनी मागे गेले.

"वाका," आई म्हणाली.

मी हँडब्रेक ओढला. सकाळपासून याच चढावर मी तो वीस वेळा तरी तपासला होता. तरीही माझा पाय ब्रेकवरून निघेना. आरशात बाबा दिसत नव्हते, डिकीच्या कडेवर त्यांची चार बोटं तेवढी दिसत होती.

"काढ पाय," आई म्हणाली.

मी काढला. गाडी तसूभरही हलली नाही.

आईने खिडकीतून मान बाहेर काढली. "कसं वाटते तिथं?"

मी उतरून पाहिलं, तर बाबा चाकाशी उकिडवे बसलेले, गमछा तोंडाशी धरून हमसून हमसून रडत होते. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं.

आईने तिच्या पायाशी ठेवलेला दगड उचलून बाहेर टाकला.

"या आता," ती म्हणाली. "बाजाराले उशीर होऊन राह्यला."