गायरानाच्या बांधावरून मारलेली हाक

तुमच्या गावातली कोणती जमीन 'रिकामी' आहे, आणि ती रिकामी असल्याचं तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं आहे का?

अंबाजोगाईहून केजच्या एसटीत चढले तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हता. मी दुभाषी म्हणून निघाले होते. सोबत होती रूथ, ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांपैकी एक. व्यवसायाने परिचारिका, अंबाजोगाईला एका बैठकीसाठी आलेली. तिला पारधी वस्ती पाहायची होती. मी इचलकरंजीची. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं यायची, त्यामुळे पारध्यांविषयी मला सगळं ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, निजामाच्या राज्यानेही तोच कित्ता गिरवला, हे मी एसटीत रूथला झोकात सांगितलं.

ती सावळी, केस कुरळे, अंगात साधा सुती सदरा. पाटी घेऊन चढलेल्या एका म्हातारीने तिला कोपराने ढोसलं. "सरक की बाई. बहिरी हायस का?" रूथ मुकाट्याने सरकली आणि मला म्हणाली, "इथे मला कुणी पाहुणी समजत नाही, बरं वाटतं."

केजला कडक चहा घेऊन आम्ही वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना निसवलेली, कणसं बाहेर पडलेली ज्वारी, मधूनच उसाचा हिरवा चौकोन, लांबवर बालाघाटाच्या बुटक्या टेकड्या. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

सरपंचांना मी आदल्या दिवशी फोन केला होता. त्यांनी अगत्याने जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावलेली झणझणीत आमटी). रूथच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने पुन्हा वाढून घेतली. जेवताना सरपंच गावाच्या योजना सांगत होते. गायरानावर (गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर) सौरऊर्जेचा प्रकल्प यायचा होता. सोमवारच्या ग्रामसभेत ठराव झाला की जेसीबी लावून सपाटीकरण सुरू.

"रिकामीच हाय ती जमीन," ते म्हणाले. "कुणीच न्हाई तितं."

मी विचारलं, पारध्यांची वस्ती तिथेच आहे ना?

"पारधी हायेत. पण ते काय ऱ्हानं म्हनायचं का ताई? आज हितं, उद्या तितं." मग हसत म्हणाले, "जाता तर जा, मोबाईल तेवडा संबाळा."

पंगतीतले सगळे हसले. वाढणाऱ्या वहिनीसुद्धा. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, द्वेष नव्हता. मला हादरा बसला तो त्याचाच.

मी भाषांतर केलं. रूथने हातातला घास ताटात ठेवला.

वाटेत ती बोलली. गोरे लोक जहाजांतून आले तेव्हा तिच्या पूर्वजांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर जगत होत्या. गोऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि जमीन कुणाचीच नाही असं ठरवलं. मग कुंपणं आली, मेंढ्या आल्या, बंदुका आल्या. काही ठिकाणी विष कालवलेलं पीठ वाटलं. पुढे पोरं आयांपासून तोडून नेली, सुधारण्यासाठी. तिची आजी अशीच नेलेली. "सुरुवात गोळीने नाही झाली," रूथ म्हणाली. "सुरुवात तुझ्या सरपंचांच्या वाक्याने झाली."

गायरानाला दगडी बांध होता. पलीकडे चार कापडी पालं, एक पत्र्याची खोली, बोरीखाली बांधलेली शेळी. मी बांध ओलांडायला पाय उचलला. रूथ जागची हलली नाही. तिच्याकडे रीत अशी, की दुसऱ्यांच्या भूमीत पाऊल टाकण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचं आणि ते 'या' म्हणेपर्यंत थांबायचं.

मी म्हटलं, सरपंचांना विचारलंय.

"जमीन त्यांची आहे?"

मी पाय मागे घेतला. मी तोंडाशी हात धरून हाक मारली.

हाक ऐकताच दोन तरणे पुरुष पालामागून निघाले आणि खाली वाकून शेजारच्या ज्वारीत घुसले. एका बाईने लेकराच्या तोंडावर हात दाबला. मग एक म्हातारी पुढे आली आणि लांबूनच तिने हात जोडले.

"कुणी न्हाई साहेब. हितं कुणीच न्हाई."

सरपंचांचंच वाक्य. फरक एवढाच, की ती ते हात जोडून म्हणत होती. मी बाई आहे हेही तिला भीतीपोटी दिसलं नव्हतं.

मी ओरडून सांगितलं, पोलीस नाही आजी, पाहुण्या आहोत. ही लांबून आली आहे, आत येऊ का विचारते. म्हातारीने मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"मला इचारती? मला कशापायी? पोलीस येतेत ते पालाला लाथच घालतेत." मग तिने रूथला नखशिखांत न्याहाळलं आणि पदर सावरला. "ये म्हनाव. ये माय."

तिचं नाव गोदाबाई. तिने तोंडाने तित्तराचा आवाज काढला, दोनदा, हुबेहूब. ज्वारी हलली आणि तिचे दोन्ही लेक बाहेर आले. पूर्वी शिकारीत तित्तर बोलवायला हा आवाज काढायचे. आता धोका टळल्याची खूण म्हणून काढतात. गावात काहीही चोरीला गेलं की आधी त्यांनाच उचलतात.

काळा चहा झाल्यावर तिने आम्हाला बोरीमागे नेलं. तिथे दगडांच्या दोन राशी होत्या. एक मोठी, नवऱ्याची. एक लहान, नातीची. गावच्या मसणवाट्यात त्यांना जागा मिळाली नव्हती.

"पालं उचलून नेता येतेत," गोदाबाई म्हणाली. "ह्येंला कसं उचलू?"

सोमवारी ग्रामसभा आहे हे तिला माहीत होतं. ती कधी गेली नव्हती. पंचायतीच्या पायरीवर चढायला कोण देतंय, असं थोरला लेक म्हणाला. गोदाबाईने बांधाकडे पाहिलं.

"जाते की," ती म्हणाली. "दारात हुबी ऱ्हाते अन् इचारते, आत येऊ का. ह्या बाईवानी."

रूथ परत गेली. मी केजला थांबले आणि सोमवारी पुन्हा त्या गावी गेले. गोदाबाई आली, दारात उभी राहिली, तिने विचारलं. आत बसलेल्यांपैकी कुणी 'ये' म्हणालं नाही, कुणी 'जा'ही म्हणालं नाही. ती पायरीवर बसली. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. ठराव पुढच्या सभेत येईल, ती पुन्हा पायरीवर असेल.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आमच्याकडे असं नाही.

म्हणून एवढंच करा. तुमच्या ग्रामसभेत कुठल्याही जमिनीपुढे 'रिकामी' हा शब्द उच्चारला गेला, तर हात वर करा आणि ठराव थांबवा. त्या जमिनीच्या कडेला जा, हाक मारा आणि थांबा. आतून 'कुणीच न्हाई' असं उत्तर आलं, तर तिथे माणसं राहतात अशी नोंद करायला लावा.