मालगुजारांच्या महालात एक मुक्काम

देवळीहून ऑटो कपाशीच्या शेतांमधून वळला आणि माझी बायको सुलभा म्हणाली, "अगंबाई, हा तर खरंच महाल आहे!" चुन्याच्या पिवळट भिंती, ओळीनं कमानी, गच्चीच्या कठड्यावर नाक उडालेला सिंह.

महाल मालगुजारांचा (इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करणारे). त्यांचे नातू भाऊसाहेब यांनी त्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. आल्याआल्या त्यांनी आम्हाला सगळं फिरून दाखवलं. सागवानी खांब, रंगीत काचांची तावदानं, कापसाचे व्यापारी उतरायचे ती बैठक. प्रत्येक खांबाला कुठला ना कुठला राजा टेकून गेला होता. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, मागे उभ्या राहून नुसत्या हसत होत्या.

आमची खोली म्हणजे तीच बैठक. छत उंच, पंखा त्यालाच टांगलेला. वारा खाली येईपर्यंत दमून जायचा.

"इथे आपण भाजून निघू," मी म्हणालो. "शिवाय भाऊसाहेबांचे राजे अजून संपलेले नाहीत. मामा आजारी आहेत म्हणून सांगू आणि संध्याकाळीच निघू."

"कुठले मामा?"

"नागपूरचे."

"तुम्हाला नागपुरात मामा नाहीत."

"त्यांना काय माहीत?"

चेहरा पाडून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. तोंड उघडायच्या आत वहिनींनी विचारलं, "काऊन जी, मामाची तब्येत लयच बिघडली का?"

त्यांनी हसत ओट्याशेजारच्या भिंतीतला झरोका दाखवला. भिंतीतून आरपार जाणारा तो पोकळ मार्ग बैठकीतल्या एका नक्षीदार फुलात उघडत होता.

"आमच्या आजेसासूनं करून घेतला. व्यापारी तिकडं भाव ठरवत, बाई इथं आयकत राहे. सौद्याआधी मालगुजाराले निरोप पोचे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पंख्याचं सरळ सांगायचं होतं नं! मागच्या ओसरीत खाटा टाकून देतो. अन् राजा तं एकबी आला नाई इथं. पन त्याईले सांगू नोका."

आम्ही राहिलो. ओसरीत झोपही छान लागली.

निघताना भाऊसाहेबांनी मला फाटकापाशी गाठलं. "तिनं झरोका दाखवला असन?"

मी चपापलो. "तुम्हाला माहीत आहे?"

"लग्न झालं तवापासून. म्हनून तं तिच्या हातच्या जेवनाची तारीफ मी बैठकीतच करतो. तोंडावर केली तं तिले खोटी वाटते."

वास्तू पाहायला जावं आणि संसाराचं बांधकाम पाहून यावं, असं झालं होतं. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बाहेरच्या खोलीत बसून मोठ्यानं म्हणालो, "वा! काय झालीय आज आमटी!"

आतून सुलभाचा आवाज आला, "अजून फोडणी पडायची आहे."