वाकलेला माणूस

आमच्या गल्लीतल्या तांबूस कुत्र्याचा मागचा पाय माझ्या दगडाने अधू झाला, हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही. ते चपला पळवायचं, एवढंच कारण.

मोठा माणूस वाकला की तो दगडच उचलणार, हे आपल्याकडच्या कुत्र्यांना पक्कं ठाऊक असतं. आज मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर ते लंगडत लांब पळालं. मग शेजारची सई वाकली. तिने लगोरीसाठी खरोखरच दगड उचलला, आणि ते शेपटी हलवत तिच्याजवळ गेलं. मुलाचा हात मोठ्या माणसाचा कधी होतो, हे त्याला कशावरून कळत असेल?

"काका, हा तुम्हाला का घाबरतो?" सईने मागे विचारलं होतं.

"दूधवाल्याने मारलंय त्याला. आता सगळ्याच मोठ्यांना भितो," मी बोलून गेलो.

तेव्हापासून दूधवाला आला की ती उंबऱ्यावर पातेलं ठेवून मागे सरते. आजही सरली.

"काय गं बये, दुधाला भितेस की मला?" म्हणत दूधवाला पातेल्यावर वाकला. कुत्रं त्याच्या पायाशीच पडलेलं होतं. त्याने कानही हलवला नाही.

सईने कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तिला खरं सांगायचं आणि दूधवाल्याची माफी मागायची, दोन्ही माझ्याकडून अजून राहिलं आहे.