दाजींचं बंद पाकीट

आमच्या दाजींइतका सरळ माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, आणि त्या सरळपणापायी समोरच्याचं डोकं फिरवणाराही दुसरा सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. छावणीत माझं सायकलचं दुकान आहे. कसलंही वाकडं गिऱ्हाईक मी दोन शब्दांत सरळ करतो. पण दाजींशी दहा मिनिटं बोललो की माझा रक्तदाब वाढलाच म्हणून समजा.

हयातभर हा प्रोफेसर माणूस अणूच्या गाभ्यातली एक घटना शोधत राहिला, जी घडते की नाही हेच जगात कुणाला ठाऊक नव्हतं. डोंगराखालच्या बोगद्यात यंत्र लावून देशोदेशीची माणसं अकरा वर्षं टपून बसली. बरं, बसलात तर रोज बघा की! तेही नाही. यंत्रानं नोंदवलेल्या आकड्यांतला नेमका कळीचा भाग हे लोक स्वतःपासूनच कुलपात ठेवतात. आधी मोजायची रीत ठरवायची, लिहून काढायची, मग कुलूप काढायचं. "आधी बघितलं की मन हवं तेच शोधतं," दाजी म्हणायचे, "उत्तर बघून रीत बदलणं ही चोरी आहे." अकरा वर्षांनी कुलूप निघालं. आत काही नव्हतं! मी सांत्वन करायला गेलो, तर हे गृहस्थ गल्लीत पेढे वाटत होते. "घडलीच तर ती घटना किती दुर्मीळ असेल, हे आता पक्कं झालं!" शेजारचे चाचा पेढा हातात धरून म्हणाले, "मिला कुछ नै प्रोफेसरसाब, तो पेढे काहेके?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हीच रीत घरातही. भाच्याचा दहावीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी यांनी कागदावर लिहून ठेवलं: पन्नास टक्के पडले तरी ओरडायचं नाही, इमरती आणायची. पडले बावन्न. अक्का रडत होती, मी लालबुंद झालो होतो, आणि दाजी इमरतीच्या पुड्याचा दोरा सोडत होते. "राग मलाही लई आलाय. म्हणून काय नियम बदलू?"

पण गेल्या वर्षी हद्द झाली. अक्काच्या छातीत गाठ लागली होती, तिचा रिपोर्ट आला, आणि दाजींनी ते बंद पाकीट तसंच कपाटावर ठेवून दिलं! म्हणे, आधी दोन रकाने लिहितो. वाईट आला तर काय करायचं, चांगला आला तर काय. एकदा बघितलं की घाबरून काहीबाही ठरवू. तीन दिवस झाले तरी यांचं लिहिणं संपेना. अहो, बायको आहे ती, अणू नाय! मी भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि तरातरा तिथं गेलो. आज एक तर पाकीट फाडीन नाहीतर दाजींना.

दाजी आतल्या खोलीत होते. अक्का बाहेर मेथी निवडत बसली होती. मी तोंड उघडलं तशी तिनं हाताला धरून मला खाली बसवलं.

"हळू. त्यांनी परवाच फोडलंय ते."

"काय?"

"मी आंघोळीला गेले तेव्हा. परत चिकटवलं. डिंक ओला लागला माझ्या हाताला."

"मग तू वाचलंस?"

"नाय. चहा द्यायला गेले तेव्हा त्यांचा कागद दिसला. वाईटाच्या रकान्यात सगळं लिहिलंय. डॉक्टर कोण, मुंबईत उतरायचं कुठं, केस गेले तर सुती रुमाल, दोन रंगांचे. चांगल्याचा रकाना कोरा. खोटं लिहिता येत नाय रे त्यांना."

मी आतल्या खोलीकडं जायला उठू लागलो.

"बस. ओरडलास तर त्यांना कळंल, मला कळलंय म्हणून. मेथी निवड."

मी जन्मात पहिल्यांदा मेथी निवडली. थोड्या वेळानं दाजी पाकीट घेऊन आले. "झालं लिहून," म्हणाले, "आता फोडू या." चिकटवलेली कड सोडून त्यांनी पाकीट आडवंच फाडलं. त्यांनी कागद उघडला, डोळ्यांसमोर धरला आणि तसेच उभे राहिले. अक्कानंच तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"असू द्या हो," ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंय ना सगळं."

त्या कागदाबरहुकूम औषधपाणी अजून चालू आहे. दाजींवर मी आताही चिडतो, पण पहिल्यासारखं जमत नाही.