एकाच मापाचे डबे

उरणच्या रस्त्यावर आमची रिक्षा एका कंटेनरशेजारी अडकली, तेव्हा आतून ठकठक ऐकू आली. बायको दचकली. "अहो, आत कुणीतरी आहे!"

मी ट्रेलरच्या ड्रायव्हरला हाक मारली. "माल सरकला असेल," म्हणत तो निघून गेला.

आम्ही मागोमाग बंदराचं फाटक गाठलं. पहारेकऱ्याने विचारलं, "कुठला कंटेनर?" नंबर पाहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पलीकडे तसलेच शेकडो तांबडे डबे रचलेले होते.

कुठल्याही देशातल्या क्रेनला उचलता यावेत म्हणून जगाने त्यांचं माप एक केलं, कोपऱ्यांची भोकंसुद्धा सारखी केली. केवढी सोय! आत काय आहे, हे उचलणाऱ्याला कळावंच लागत नाही.

क्रेनने एक डबा अलगद उचलला.

"हाच असेल का हो?" बायकोने विचारलं.

तोवर क्रेन दुसऱ्या डब्यासाठी खाली आली होती.