शुक्रवारची देवी

त्या वर्षी देवाशी माझं अजिबात पटत नव्हतं. पाथर्डीकडचं आमचं गाव, दुष्काळाचे दिवस, आणि त्यात माझ्या आठ वर्षांच्या शकूला फीट यायला लागली. कुणी चप्पल हुंगवायचं, कुणी कांदा. शेवटी पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोक्याला तारा लावल्या, लांबलचक कागदावर रेघा काढल्या आणि सांगितलं, मेंदूत मध्येच वीज उसळते. पोरगी हुशार आहे, पण झटके येत राहिले तर पाठ केलेलं विसरत जाईल. रोज रात्री जेवणानंतर गोळी द्या. मी गोळी सुरू केली आणि वर दत्ताचे अकरा गुरुवारही बोलले, माझे आणि शकूचेही. गुरुवारी कडक उपास, मग जेवण नाही आणि जेवणानंतरची गोळीही नाही. डॉक्टरांचं आणि देवाचं, दोघांचंही तंतोतंत ऐकते याचा मला केवढा अभिमान!

आठवडाभर पोर बरी असायची आणि शुक्रवारी सकाळी हमखास पडायची. शुक्रवार देवीचा वार. सासूबाईंनी जाहीर केलं, हे दुखणं नाही, अंगात येतंय. झालं! बायका नारळ घेऊन ओसरीवर येऊन बसायला लागल्या. झटक्यानंतर शकू अर्धवट गुंगीत काहीतरी पुटपुटायची, त्यातून कुणाची हरवलेली गाय सापडायची, कुणाचं लग्न ठरायचं. गुरुजींचा निरोप आला, बुधवारी तेराचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलगी शनिवारी अडखळते. सासूबाई म्हणाल्या, देवीला पाढे कशाला, शाळेतून काढा. मी सासूबाईंवर चिडले, बायकांवर चिडले, दत्ताशी तर बोलणंच सोडलं. उपास मात्र सोडला नाही.

सातव्या शुक्रवारी एक अनोळखी म्हातारी आली. ती पाया पडली नाही. पदराने शकूचं तोंड पुसून तिने मला विचारलं, "काल काय जेवली पोर?"

उपास होता, मी म्हटलं.

"आन् गोळी?"

उपाशीपोटी कशी देणार, मी फणकारले.

"आमी बी देवापायी अशीच चुकवायचो," ती म्हणाली. "माझा लेक न्हाई राह्यला." आणि आपला नारळ उचलून चालू लागली. कुठल्या गावची, ते विचारायचंही मला सुचलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी दत्तापुढे हात जोडले, चुकले म्हणाले, आणि शकूला भाकरी खाऊ घालून गोळी दिली. शुक्रवारी ओसरी भरली. शकू खांबाला टेकून पाढा म्हणत होती. तेरा पंचे पासष्ट, तेरा सक... आणि थांबली. बायका सरसावल्या. आजवर देवाकडे मी अटी घालूनच मागत आले होते. त्या क्षणी एकही अट सुचली नाही, नुसतं म्हटलं, आता तूच बघ.

"अठ्ठ्याहत्तर," शकू म्हणाली, आणि पुढे निघाली.

बायका हिरमुसून नारळ घेऊन गेल्या. त्या ओसरीवर तेव्हा देव होता, हे मी कुणाला पटवायला गेले नाही.