दादाचं सेशन

माणूस एकदा पासवर्ड टाकून संकेतस्थळात शिरला की सर्व्हर त्याची ओळख ध्यानात ठेवतो. त्याला सेशन म्हणतात. एरवी ते थोड्या वेळाने संपतं. पण अमरावतीत बसून मी कपाशीवरच्या किडींविषयी शेतकऱ्यांचं जे प्रश्नोत्तरांचं स्थळ बांधलं, त्यात मी ते संपूच दिलं नाही. लोडशेडिंगमध्ये वीज जायची आणि परत येईतो माणसं पासवर्ड विसरून मोकळी. कोणाकोणाला फोनवर सांगत बसणार?

तिथे सगळ्यांत जास्त उत्तरं द्यायचा माझा मावसभाऊ, चांदूर बाजारकडचा. मी त्याला दादा म्हणायचो. तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्या वर्षांत आमच्याकडे शेतकरी गेला की लोक आवाज खाली करून विचारायचे, काय घेतलं? दादाच्या मातीलाही एकाने विचारलंच. त्या माणसाशी मी अजून बोलत नाही.

पुढे अकोल्याच्या होस्टिंगवाल्याने जुना सर्व्हर बंद केला. जुनी सेशन्स नव्या सर्व्हरला वाचताच येईनात. मी पुष्कळ डोकेफोड केली, जमलं नाही. सगळे एकदम बाहेर फेकले गेले. पुन्हा पासवर्ड टाकला की झालं, असं मी फोनवर सगळ्यांना सांगत होतो.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, काहून बाहेर काढलं त्यायले?"

दादा गेल्यावरही ती रोज सकाळी त्याचा कॉम्प्युटर लावायची, हे मला ठाऊकच नव्हतं. कोपऱ्यात 'राम राम, दादा' दिसायचं, तेवढं बघून ती कॉम्प्युटर बंद करायची. शेजारच्या 'बाहेर पडा' या बटणाला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. आमच्याकडे घरातून निघणाराही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तिथे ती नवऱ्याला बाहेर पडा कशी म्हणणार?

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दादाच्या खात्याला नवा पासवर्ड बसवला आणि तिलाच टाकायला लावला. 'राम राम, दादा' पुन्हा उमटलं. मला वाटलं, चला, मिटलं.

वहिनी पडद्याकडे बघत राहिली.

"तवा थे सोता आत गेले होते, भाऊजी," ती म्हणाली. "आता तं मीच लिहिलं."

मग तिने आपल्या हाताने 'बाहेर पडा' दाबलं आणि चहा ठेवायला उठली. मी दादाच्या त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन रडत बसलो.